शनिवारचे दोन तास

सूचनापेटीची किल्ली कुठं गेली
कुणालाच ठाऊक नव्हतं.
लोखंडी, हिरवी पेटी,
आयएसओ आलं त्या वर्षी ऑफिसच्या दाराशी ठोकलेली.
शेवटी कुलूप तोडलं तेव्हा आत
खर्र्याची पन्नी
आणि माझ्या नावानं एक शिवी,
शुद्धलेखनात एकही चूक नसलेली.

सिंदेवाहीच्या अलीकडे आमची राइस मिल.
तीन पाळ्या, दोन बॉयलर, मालक नागपुरात.
मी मॅनेजर.
म्हणजे काल झालं तसं आज होऊ देणारा.

पर्वता निकुरे झाडायची.
एलिव्हेटरच्या खड्ड्याशी सांडलेलं धान
सुपानं उचलून परत हौदात,
अकरा वर्षं.
एका दुपारी मला भिंतीपाशी घेऊन गेली.
कोळशाच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या.
"एक रेघ म्हणजे एक सूप, सायेब.
सकाळी कमी सांडते, दुपारून लय.
पट्टा तापला का ढिला पडते, अन् धान भायेर फेकते."

तुझं काम झाडायचं.
वाक्य जिभेवर आलंच होतं,
माझ्या पहिल्या साहेबाच्या आवाजात.
गिळलं. विचारलं, मग काय करायचं?
"थेच तं. मले कोणी पुसलंच नाही आजलोक."

शनिवारचे दोन तास दिले तिला.
फिटर लालाजी कोवे दिला,
वेल्डिंगच्या कांड्या, तेलाचे दोन रिकामे डबे.

पहिल्याच शनिवारी पत्रा अडकला.
पट्टा फाटला. गिरणी पावणेदोन तास ठप्प.
नागपूरहून फोन: कोणी सांगितलं होतं हे?
पर्वता दाराशी उभी, हातात खराटा.
कोवे स्वतःच्या चपलांकडे पाहत.
बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.
"मी," म्हणालो.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत
एवढासा शब्द एवढा जड लागला नव्हता.

पाचव्या शनिवारी पत्रा बसला.
तीस सुपं सांडायची, आता दोन. कधी तीन.
मालकांनी पेढे पाठवले.
तिच्या पगाराचं मी लिहून कळवलंय,
त्याचं उत्तर अजून नाही.
दर सोमवारी पुन्हा लिहितो.

पेटी काढली. भिंतीत चार भोकं राहिली.
काल बॉयलरवरचा शालिक तिथंच टेकून उभा:
"तुसाच्या राखेच्या इटा होतीन का, सायेब?"
नाही होणार बहुतेक.
म्हटलं, शनिवारी ढकलगाडी घेऊन जा.
फुटल्या तर तुकडे आण.
पाहू, कशा फुटल्या.