पाव मिलिमीटर

पेटी बुधवारी उतरली, कोलंबोहून,
आणि गुरुवारभर कस्टमच्या गोदामात पडून राहिली,
कारण फॉर्मवर ‘वस्तूची किंमत’ हा रकाना
कुणीतरी कोरा सोडला होता.
मी फोनवर म्हटलं, शून्य लिहा.
तो म्हणाला, डॉक्टर, शून्य मशीन घेत नाही.
मग एक पौंड लिहिला.

आता ती फ्रिजमध्ये आहे.
गुलाबी पाण्यात तरंगणारी काच, जी काच नाही.
चिठ्ठीवर: स्त्री. एकसष्ट. हृदय.
पेशी, दर चौरस मिलिमीटरला, दोन हजार चारशे बारा.
एवढं मोजलंय तिचं,
आणि नाव नाही.
नाव विचारायचं नसतं.

शुक्रवारी सुट्टी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मी वहीत वर्तुळ काढते. साडेसात.
त्याच्या डोळ्यातून एवढं काढायचं.
त्याबाहेर दुसरं. पावणेआठ.
तिच्यातून एवढं घ्यायचं.
सोळा टाके. नाकाच्या बाजूने रक्तवाहिन्या चढल्यात,
म्हणून सगळे सुटे, म्हणजे एखादा लवकर काढता येईल.
विडी ओढतो, खोकतो: पूर्ण भूल.
मुलगा म्हणतो, आई, सुट्टीच्या दिवशी कसली भूमिती?
त्याला वहीवर टरबुजाचं पाणी सांडू देत नाही.

अब्देल-मौला अन्फूशीला होड्या बांधतो.
उजवा डोळा लहानपणीच गेला, गोवरात.
डाव्यात चार वर्षांपूर्वी चुन्याचा शिंतोडा.
तो म्हणतो, ढग आलाय.
पाहणाऱ्याला फूल पडलेलं दिसतं, पांढरंधोप,
आतून त्याला ढग.
वही त्याच्या नाकाजवळ धरली तरी वर्तुळं दिसेनात,
तेव्हा मी त्याचं बोट धरून
कागदावर दोनदा गोल फिरवलं.
दुसऱ्या फेरीला तो थांबला.
ठिगळ भोकापेक्षा मोठं?
पाव मिलिमीटर, मी म्हटलं. घट्ट बसावं म्हणून.
तो हसला, पहिल्यांदाच.
फळ्यांच्या सांध्यातही कापूस जास्तच भरावा लागतो,
मोगरीने ठोकून ठोकून.
बरोब्बर मापाचा भरलात, की बुडालात.

शनिवार, सकाळचे नऊ.
गोल पातं फिरतं. मी चकती उचलते,
फूल पडलेली, आणि इरिनी ती बाटलीत घेते.
आता डोळ्यावर छप्पर नाही.
तळाशी बाहुली, तिच्यामागे भिंग,
आणि वर सरळ दिव्याचा उजेड, मध्ये काहीच नाही.
ही मिनिटं मला आवडत नाहीत.
एकोणीस वर्षांत एकदाही आवडली नाहीत.
एक खोकला, आणि आतलं सगळं बाहेर.
भूलतज्ज्ञ रेडिओ बंद करतो, न सांगता.

तिची चकती ओलीच ठेवते.
पहिला टाका बाराला.
दुसरा सहाला, आणि सगळं ठरतं ते ह्या दुसऱ्यात:
तो वाकडा गेला तर उरलेले चौदा
सरळ घालूनही वाकडेच.
केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा काळा धागा,
जो मला दिसण्याआधी चिमट्याला कळतो.
तीन. नऊ.
मग श्वास.
इरिनीचाही ऐकू येतो.

सोळाव्या गाठीला मान लाकूड झाली होती.

रविवारी पट्टी काढली.
डोळा लाल, सुजलेला. दिसेल, पण सावकाश;
टाके वर्षभर राहतील, थेंब त्याहून जास्त,
आणि शरीर कधीही म्हणू शकतं, ही बाई आमची नव्हे.
हे सगळं मी त्याला सांगत होते.
तो ऐकत नव्हता.
माझ्या हाताच्या दिशेने बघत म्हणाला, काहीतरी हलतंय.
मग लगेच, कारागिराने कारागिराला विचारावं तसं:

गळत नाही ना?

मी नारिंगी पट्टी टेकवली, निळा दिवा लावला,
आणि काठाकाठाने हिंडले, बारापासून बारापर्यंत,
हिरव्या पाण्याची एखादी ओढ दिसते का बघत.

नाही, म्हटलं. सांधा कोरडा आहे.

एवढं ऐकून तो उशीवर टेकला,
आणि दिसण्याबद्दल त्या दिवशी
एक शब्दही विचारला नाही.