मिसिंग

उसगावच्या तिस्कावर, वजनकाट्याच्या मागं
फणसाखाली कायतानचं गॅरेज.
पाटी नाही. एक टायर अर्धा पुरलेला,
त्यावर चुन्यानं काढलेला बाण.

गाडी न्यूट्रलला ठेवून मी खाली उतरलो.
सत्त्याण्णवचं मॉडेल. आधी खनिज वाहायची,
आता चिरे, वेळ पडली तर शेणखत.
उभी राहिली की थरथरते:
आरसा हलतो, काचेजवळची शांतादुर्गा हलते,
बंपरवर ठेवलेला चहाचा ग्लास
चालत चालत कडेला येतो.
पळताना काही नाही. तक्रार फक्त थांबल्यावर.

"कधीपासून?"
"चवथीच्या आधीपासून."
"आणि आज आलास."
डिझेलच्या उधारीचं त्याला कशाला सांगू?

कायतानचा डावा कान खाणीतल्या यंत्रांनी खाल्ला,
उजवा अर्धा उरलाय.
तरी सांग्यापासून साखळीपर्यंतची माणसं
गाडी ऐकवायला त्याच्याकडंच आणतात.
हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यानं इंजिनाला टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
बराच वेळ.
फणसावरून एक पान पडलं, त्याच्या खांद्यावरच राहिलं.

"मिसिंग मारता. एक कामाला येईना."
सहांतला कुठला, ते हाडाला कळत नव्हतं.

मग सतराचा पाना.
पहिल्या नळीचा नट अर्धा आटा सैल:
डिझेल फसफसलं, इंजिन लगेच लंगडलं.
"हा आहे." नट घट्ट.
दुसरा. लंगडलं. घट्ट.
तिसऱ्याला तर बंदच पडायला आलं,
"हाचेर सगळो भार," तो म्हणाला.
चौथा सैल केला.

आम्ही वाट पाहिली.
आरसा तसाच हलत होता, देवी तशीच.
डिझेल नळीच्या गळ्यातून ओघळून
चेसिसवर, तिथून तांबड्या मातीत.
काही बदललं नाही.

"हो," कायतान म्हणाला.
आमच्याकडं हो म्हणजे हाच.

मुकादमानं माझ्या गाडीचा नंबर वहीतून खोडला
त्या दुपारी मी नाक्यावर मुद्दाम थांबलो होतो.
रांग तशीच होती, धूळ तशीच,
पाळी सुटल्याची शिट्टी वेळेवर.
घरी येऊन बायकोला म्हणालो, आज लवकर सुटलो.
सगळंच बंद पडलं ते पुढं, आणि ते वेगळं.
तेव्हा निदान आवाज बदलला.

"खंय गेलो रे? धर हो पाना!"
पाचवा. सहावा. तेही तपासले त्यानं.
एक सापडला म्हणून दुसरा नसतो असं नाही.

इंजिन बंद करून चौथ्याचं नोझल पहिल्याला बसवलं,
पहिल्याचं चौथ्याला.
"दोष याच्यासंगती चालत गेला तर नोझल.
जाग्यावर राहिला तर..."
वाक्य त्यानं कापडात पुसून टाकलं.
वाल्व. पिस्टन. माझी दोन वर्षं.

स्टार्टर मारला. तीच थरथर.
पाना चौथ्यावर गेला, आणि मी
देवीकडं न बघता आरशाकडं बघत राहिलो.
नट सुटला.
गाडी लंगडली.

इतकी सुंदर लंगडली की मी हसलो मोठ्यानं,
आणि कायतान, ज्याला हसू ऐकू आलं नसावं,
माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला,
"हसतोस काय? फोंड्याचा पंपवाला
दीड हजार घेतल्याशिवाय हात लावत नाही."

नोझल जुन्या बनियनमध्ये गुंडाळून खिशात घातलं.
अजून गरम होतं, मांडीला लागत होतं.
फोंड्याची बस तिस्कावर उभी होती,
ड्रायव्हर पान आणायला उतरलेला, इंजिन चालू.
कंडक्टर दोनदा विचारून गेला, कुठं.
मी मोजत होतो.