अकरा ओळी

मांडवाखालून मान न वाकवता जाईल
इतकाच उंच, अठरा हॉर्सपॉवरचा,
मागे सहाशे लिटरचा ब्लोअर ओढत
अकराव्या ओळीत दोनदा खोकला
आणि थांबला.

मोहाडीत सकाळचे आठ, पण सूर्य नाही.
छाटणीचा बेचाळिसावा दिवस, बाग फुलोऱ्यात,
धुकं घडांना टेकलेलं
आणि पानामागे डावणीचा
पांढरा, भुसभुशीत संशय.

निसार मिस्त्रींना फोन लावला.
ते मालेगावात, भाचीच्या लग्नात.
मागे पातेल्यांचा आवाज, कुणीतरी बर्फ फोडतंय.
"टाकी बघा आधी."
झाकण उघडलं, काडी बुडवली. अर्धी.
"वाटीत पाणी?"
काचेची वाटी सोडवली. तळाशी एकच थेंब,
डिझेलमध्ये न मिसळता
परक्या घरातल्या पाहुण्यासारखा बसलेला.
ओतून दिला.
"फिल्टर?"
दिवाळीत बदललाय.
"बदललाय, की नुसतं बिल आलंय?"
मी उघडून पाहिला. काकवीसारखा काळा.
नवा कपाटात होता, पिशवीसकट.

मग हवा काढायची.
फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल,
अंगठ्याने हातपंप दाबत राहायचं.
आधी नुसता फेस,
मग फेसात एकेक डोळा उघडतो, फुटतो,
मग अखंड, मुकाट डिझेल.
आवळायचं ते तेव्हाच.
मोतीराम भोये बॅटरी धरून उभा.
"ताई, शेळी पान्हवल्यागत दिसतंय."
नोझलच्या नटाशीही तेच केलं.
माझी बाही कोपरापर्यंत ओली.

सुरू झाला. धूर काळा, मग राखाडी, मग काहीच नाही.
विसाव्या ओळीला मी हसले.
बाविसाव्यात थांबला.

दगू नाना बांधावरून म्हणाले,
"नारळ फोडा. अकराचा आकडा वाईट."
मी पुन्हा झाकण उघडलं, काडी बुडवली,
पुन्हा वाटी, स्क्रू, पंप, अंगठ्याला फोड.
या वेळी फेस आलाच नाही.
तरी सुरू झाला.
मिस्त्रींना सगळं सांगितलं, नारळासकट.
पलीकडे थोडा वेळ फक्त बर्फ.
"दोन्ही वेळा अकराच?"
हो.
"आणि दोन्ही वेळा टाकी उघडून बघितली?"
हो.
"उघडताना आवाज आला?"

आला होता. एक लांब सुस्कारा.
मला वाटलं, माझाच.

झाकण उलटं केलं.
मधोमध तांदळाएवढं भोक, हवा आत यायची वाट,
आणि त्यात चिखलाचं बूच, गुळगुळीत, नीट लिंपलेलं.
सकाळपासून मी नळ्यांतून हवा हाकलत होते
आणि टाकी बिचारी एका घोटासाठी
आतल्या आत आक्रसत होती.
ब्लाउजची सेफ्टी पिन काढली, टोचली.
माती पडली. मातीमागोमाग
एक मेलेली, हिरवट, बारकी अळी.
"कुंभारीण माशी," मोतीराम म्हणाला.
"पिल्लासाठी शिदोरी ठेवून गेलेली."
सुरगाण्यात त्याच्या घराच्या प्रत्येक वाशाला असतं म्हणे.
त्याने ती माती फेकली नाही,
अँगलच्या खाचेत ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

"आता फोन टाकीवर ठेवा," मिस्त्री म्हणाले. "ऐकू द्या."
तेविसावी. सत्ताविसावी.
तेहतिसाव्याला मी श्वास रोखला, उगाच.
चौतिसावी.
धुक्यात औषधाचं दुसरं धुकं.
फोनमधली पातेली कधीच थांबली होती.
एक वयस्क आवाज काहीतरी विचारत होता, सावकाश,
उत्तर इतकं हळू
की इंजिनात बुडून गेलं.
मी ओरडले, मिस्त्री, ठेवा आता, निकाह चाललाय ना!
"थांबा हो," ते कुजबुजले,
"चढावर आवाज बदलतो का, तेवढं बघतो."