बाजूला

दारावर पिवळा कागद. अकरावा दिवस.
स्वान्झीतल्या या खोलीला खिडकी आहे,
उघडत नाही.

नेरिस येते. एप्रन, मास्क, हातमोजे.
रबरातून नाडी बघते.
जाताना मला शिवलेलं सगळं
सोलून पिशवीत टाकते, गाठ मारते.

तेराव्या वर्षी कावळा शिवला तेव्हा
आई म्हणाली, चारच दिवस.
ताट लांबून सरकवायची,
पण मग उंबऱ्यावर बसायची, शेंगा सोलत,
अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढत.

इथे ट्रे येतो. झाकणाखाली बटाटे गार.
कुणी ओरडत नाही. कुणी बसत नाही.

काल बुटाची नाडी सुटली म्हणून
नेरिस काचेपलीकडे उकिडवी बसली,
पाठमोरी.
तेवढ्यात मी भराभर बोलून घेतलं,
मराठीतच.