पाचवी पायरी

लेकीनं फोनमध्ये दोन शहरांची नावं टाकली,
मध्ये एक वाकडी रेघ उमटली.
नागपूर ते चेन्नई. हवाई अंतर नऊशे किलोमीटर,
वेळ एक तास पस्तीस मिनिटं.
"डोळा लागला तर कळणारही नाही, आई."

माझा बाप, नथ्थू निनावे, त्याला मद्रासच म्हणे.
मद्रास त्याच्या हिशेबात चार तासांवर होतं,
वारा आडवा असला की सव्वाचार.
टपालाची विमानं तेव्हा रात्री सोनेगावात उतरत,
मद्रासचं, दिल्लीचं, कलकत्त्याचं, मुंबईचं.
एकमेकांच्या थैल्या बदलून
उजाडायच्या आत आपापल्या गावी परत.
आमचं गाव सगळ्यांच्याच मध्ये पडतं,
म्हणून कुणीच इथे येत नाही,
इथून जातात.

बाप थैल्या वाहायचा.
तागाची थैली, लाखेचा शिक्का, पाठीवर चौकोनी वळ.
"कलकत्त्याची बाई मुंबईच्या माणसाले काय लिहिते
मले काय मालूम?
पण वजन सांगतो. दिवाळीले लय जड लिहिते."

गोळीबार चौकातून सोनेगाव, सायकलनं पाऊण तास.
ते अंतर कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं.
तीनच्या सुमारास आमच्या कौलांवरून घरघर गेली
की आई झोपेतच म्हणायची, "दिल्ली गेली,"
आणि कूस बदलायची.
चौथी घरघर झाली की उठून चूल पेटवायची.
धुक्यात एखादं विमान उशिरा आलं,
तर आमचा चहा उशिरा व्हायचा.

लोक विचारायचे, नथ्थू, विमानात बसला का रे कधी?
"बसलो नाही. चढलो.
रोज चढतो."
शिडीच्या पाच पायऱ्या वर, थैली आत,
पाच पायऱ्या खाली.
कितीतरी वर्षं, एका रात्रीत चाळीस-पन्नास वेळा.
मी एकदा वहीत गुणाकार मांडला होता,
किती उंच गेला असेल ते बघायला.
हातचा चुकला. परत मांडला नाही.

मग एके वर्षी ती विमानं बंद झाली.
बाप दिवसा कामाला जाऊ लागला, रात्री घरी झोपू लागला.
झोपू लागला म्हणजे
तीन वाजता उठून अंगणात उभा राहू लागला.

आज सोनेगावात काचेच्या भिंती आहेत,
वीस रुपयांचा चहा दीडशेला आहे.
माझी पिशवी पट्ट्यावरून गेली. वजन सहा किलो आठशे.
बापानं नुसती उचलून सांगितलं असतं:
संत्र्याची बर्फी आहे, आणि एक साडी.

विमान लांब उभं होतं, शिडी लावलेली.
एक. दोन.
गुडघा दुखतो, तरी दांडा धरला नाही.
तीन. चार.
पाचवीवर पाय थांबला.
वर अजून बऱ्याच पायऱ्या होत्या.

मागून कुणीतरी म्हणालं,
"काकू, चला ना बाप्पा, ऊन लागून राहिलं."