ङ

‘ङपासून शब्द नसतो,’ गुरुजी म्हणाले.
आमच्याकडे होता. ङापी :
मिठात मुरवलेला जवळा, मडक्यात, उन्हात.
खापरपणजी तो शब्द घेऊन मंडालेहून आली
राजाच्या पानदानामागून, रत्नागिरीला.
राजा संपला. ती उरली,
भाट्याच्या खाडीवर, एका खारव्याच्या घरात.

तिचे नातू दोन, दौलत आणि मोंगू.
दौलत इंग्रजांच्या बोटीवर सुरुंग वेचत होता
तेव्हा मोंगू रंगूनला, आझाद फौजेत,
आजीच्या देशात, आजीची भाषा न येता.

दोघेही परतले, हेच वाईट झालं.
एकाला पेन्शन, दुसऱ्याला फार उशिरा ताम्रपट,
मधे कुडाची भिंत, तीस वर्षं.
दौलत म्हणायचा, मी खाल्ल्या मिठाला जागलो.
मोंगू भिंतीपलीकडून : कुणाच्या?

मडकं मात्र एकच. भिंतीच्या बुडाशी,
अर्धं इकडे, अर्धं तिकडे.
मोंगू गेला त्या संध्याकाळी
आजोबांनी झाकण काढलं, वास घेतला,
आणि परत लावताना
कितीतरी वेळ लावतच राहिले.

मी शेजारी पाटीवर गिरवत बसले होते.
टिंब राहिलं की ड होतो,
गुरुजींना चालतो.
मी टिंब दिलं.