सपाट रेघ

मार्चमध्येच एक्केचाळीस.
प्रयोगशाळेतला फ्रिज बंद, म्हणून
महालातल्या गोलेवाल्याकडून
पन्नीत बांधून बर्फ आणला,
कडेला थोडा भुसा चिकटलेला.

चंचुपात्र, तिवई, खाली दिवा.
ढवळत राहा, दर मिनिटाला नोंद करा, मी म्हटलं.

शून्य.
शून्य.
शून्य.
"मॅडम, काहून हालून नाई रायला हा?"
टिकेश्वर नंदनवारनं थर्मामीटरला टिचकी मारली.
मागच्या बाकावर कुणीतरी गुपचूप
दोन, तीन, पाच लिहून
आलेखाला चढ दिला.
मला कळतं ते.
दिवा जळतोय डोळ्यांदेखत
आणि वहीत काहीच घडत नाही,
हे कुणाला सोसवतं?

फळ्यावर लिहिलं: अप्रकट उष्मा.
लिहिताना खडू मोडला.

कामठी रोडवरचा बर्फाचा कारखाना बंद झाला
त्या वर्षी बाबा ओट्यावर बसून असायचे.
सत्तावीस वर्षं खाऱ्या पाण्यातून डबे उपसलेले हात
मांडीवर, उताणे.
अंगाला अमोनियाचा वास तेवढा उरलेला,
तोही फक्त आईला यायचा.
ती रोज काहीबाही त्यांच्या पुढ्यात ठेवायची:
चहा, मुरमुरे, विजेचं बिल,
धुर्वेंच्या घरातलं कालचं भांडण.
ऊन तर होतंच, फुकटचं, सत्तेचाळीसपर्यंत.
आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघायचो.
शून्य.
मामा म्हणाले, दगड झाला माणूस.
मीही तेव्हा तेच लिहिलं असतं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
धुर्वेंच्या धाकटीच्या लाकडी बैलाचं चाक निखळलं.
ती आमच्या ओट्यापाशी भोकाड पसरून उभी.
"आण इकडं," बाबा म्हणाले,
आणि खिळा ठोकता ठोकता जे बोलायला लागले
ते दुपार कलली तरी बोलतच होते:
साडेतीन मणांची लादी एकट्यानं कशी सरकवायची,
बर्डीवरच्या कोणत्या हॉटेलानं पैसे बुडवले,
पहाटे चारला डबा उलटा केला की
आतून लादी कशी सुटते, आवाज न करता.
बैल केव्हाच मिरवणुकीला निघून गेला.
आईनं चुलीवरची भाजी करपू दिली.

चाक काही फार मोठी गोष्ट नव्हती.
अर्थात, चाकामुळे झालंही नसेल.

"एक! मॅडम, एक झाला!"
टिकेश्वर असा ओरडला
की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.
पात्रात नुसतं पाणी, तळाशी भुशाचे चार कण.

पाच लिहिणाऱ्याची वही
मी काही न लिहिता परत दिली,
वर खोडरबर ठेवून.